सोमवारची सभा

"तुमची किटली उचला, शालनबाई," हिंदुरावअण्णा म्हणाले. "हे दूध संस्था घेणार नाही."

सकाळचे साडेसहा झाले होते. माझ्या मागं रांगेत पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. काट्यावर बसलेल्या जालिंदरनं, म्हणजे आमच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीनं, किटली घ्यायला हात पुढं केलाच होता. अण्णा संस्थेचे चेअरमन; त्यांचा आवाज ऐकून त्यानं तो मागं घेतला आणि उगाच वहीची पानं चाळू लागला.

"नासलंय का?" मी विचारलं. माझा आवाज मुळातच बारीक. रांगेतल्या चौथ्या बाईला ऐकू गेला नसेल.

"दूध चांगलं आहे. काल संध्याकाळचं कुठं घातलंत?"

"तानाजीभावजींकडं."

"मग सकाळचंही तिकडंच घाला."

"अण्णा, दोन महिने झाले, संध्याकाळचं मी तिकडं घालते. लपवून घालत नाही."

"हेच म्हणतोय मी. लपवून घालणारे निदान लाजतात तरी."

मागं बाया हसल्या. हसणाऱ्यांतल्या निम्म्याजणी संध्याकाळी पदराआड किटली धरून भावजींच्या शेडकडं जात, हे मला माहीत होतं. अण्णांनाही असावं.

"घ्या की हो दूध," माझ्या मागं उभ्या असलेल्या गोदामावशी म्हणाल्या. मावशी माझ्या शेजारीण. एकटी बाई, एकच म्हैस, आणि तोंड मात्र चौघींचं. "आमचा हात भरून आला किटली धरून. भांडायचं तर दूध ओतून भांडा."

अण्णांनी हात हलवला. "आजचं घे, जालिंदर. सभा होईतोवर घे. सभेत ठरावच मांडणार आहे. जो सभासद बाहेर दूध घालील, त्याचं सभासदत्व रद्द."

जालिंदरनं दूध ओतलं, नमुना मशीनला लावला. मशीनचा पडदा हल्ली आमच्याकडं तोंड करून असे. फॅट सात पॉइंट दोन. मी आकडा वाचला, रिकामी किटली घेतली आणि घरी आले.

खडकेवाडीत तेव्हा शंभरेक उंबरा होता. आमचे हे इचलकरंजीला मागावर कामाला, पंधरा दिवसांनी येत. घरी मी, आणि गोठ्यात चंद्री आणि मोरणी या दोन म्हशी. आमची सुनंदा नुकतीच सांगलीला नर्सिंगला गेली होती. खाजगी डेअऱ्या तेव्हा नव्यानंच गावोगाव येत होत्या. आमच्या गावात एका कंपनीचं संकलन माझ्या धाकट्या दिरानं, तानाजीभावजींनी, घेतलं होतं. त्यांचे पैसे दर आठवड्याला हातात पडत, त्यावर सुनंदाची मेस चालायची. संस्थेचे पैसे उशिरा येत. पण संस्थेचा डॉक्टर होता, पेंड होती. चंद्रीला तेव्हा नववा महिना लागला होता. आदल्या वेताला तिच्या पोटात रेडकू आडवं आलं होतं. संस्थेचा डॉक्टर भर दुपारी फटफटीवरून आला, कोपरापर्यंत हात घालून त्यानं दोघांना वाचवलं. तो डॉक्टर फक्त सभासदाच्या दारात येई.

म्हणून मी सकाळचं दूध इकडं आणि संध्याकाळचं तिकडं असं ठरवलं होतं. त्यात काही लबाडी आहे असं मला वाटलं नव्हतं. रोजची पहिली धार मी वाटीत काढून महादेवाला नेते; त्याच्यासमोर जे सांगता येतं ते अण्णांसमोर सांगायला कसली लाज?

त्या दिवशी संध्याकाळी मोरणीचं दूध घेऊन शेडवर गेले, तर तिथं निराळंच.

"वैनी, बरं झालं आलात," भावजी म्हणाले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पायात बूट. पुण्याला सहा वर्षं राहून आलेले. "कंपनी इथं मोठी टाकी बसवतीया. थंड करायची. पण एक अट घातलीय."

"काय?"

"ज्याचं दूध घ्यायचं, त्याचं दोन्ही वेळचं घ्यायचं. पुढल्या एक तारखेपासनं. अर्ध्या गिऱ्हाइकाला काट्यावर घ्यायचं न्हाई."

"आणि चंद्रीला डॉक्टर?"

"डॉक्टर काय, पैसे टाकले की दहा येतात."

"कुठून येतात?"

"येतात की. तालुक्यासनं." त्यांनी मान खाजवली. "वैनी, तुम्ही फार विचार करता. जिकडं भाव जास्त तिकडं माल. सोपं आहे. अण्णांचं दुकान आता मोडीत निघणार बघा."

मी दूध घातलं आणि निघाले. रस्त्यात गोदामावशी भेटल्या, पदराआड किटली.

"तुला बी सांगितलं न्हवं, दोन्ही वेळचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता गं? तिकडनं अण्णा दार लावतोय, इकडनं तानाजी. आपण मधल्या मधी." मग त्या थांबल्या. "सभेची तारीख वाचलीस का फळ्यावर?"

"नाही."

"सोमवार. दुपारी दोन वाजता, महादेवाच्या सभामंडपात." मावशींनी माझ्याकडं तिरकं पाहिलं. "वीस वर्षं संस्थेची सभा रविवारी हुतीया. ह्याच बारीला सोमवार बरा सुचला."

मी रिकामी किटली दुसऱ्या हातात घेतली.

सोमवारी मी बोलत नसे. सूर्य उगवल्यापासून तुळशीपाशी दिवा लावीपर्यंत एक शब्द नाही. अकरा वर्षं झाली होती या नेमाला. सुनंदा सात वर्षांची असताना विषमज्वरानं पडली. ताप उतरला, पण पोरीची वाचा गेली. आठ दिवस ती नुसती बघायची. आई म्हणून हाक नाही, पाणी दे म्हणून नाही. नवव्या दिवशी, सोमवार होता, मी देवळात जाऊन कपाळ टेकलं आणि म्हटलं, तिचा आवाज तिला परत दे. माझा आठवड्यातला एक दिवसाचा तू ठेवून घे. परत आले तर पोरगी अंथरुणात बसून म्हणाली, "आई, भूक लागली."

तेव्हापासून सोमवार देवाचा. गावाला सवय झाली होती. उलट सोमवारी माझ्या ओट्यावर बायांची गर्दी व्हायची. सासवासुनांची गाऱ्हाणी सांगायला मी बरी, उलटून बोलायचं भय नाही आणि दुसरीकडं जायचं भय नाही. मलाही तो दिवस आवडायचा. इतर सहा दिवस माझ्या तोंडून 'बरं' निघायचं. सोमवारी कुणाला ते काढून घेता येत नसे.

रविवारी रात्री मला नीट झोप लागली नाही. सोमवारी पहाटे उठले, आंघोळ केली, धार काढली, देवाला वाटी नेली. बेल वाहिला. हात जोडून उभी राहिले खरी, पण काय मागावं ते सुचेना. तशीच परत आले.

दोनला सभामंडप भरला होता. पुरुष गाभाऱ्याच्या बाजूला सतरंजीवर, बाया खांबांच्या अलीकडं. मधे टेबल, त्याला हार घातलेली संस्थेची पाटी टेकवलेली. जालिंदर वही फिरवत होता. आमच्याकडची पद्धतच अशी, की ठरावाच्या वहीत सह्या आधी घ्यायच्या, ठराव नंतर लिहायचे. म्हणजे सभा झाल्यावर चहाच्या गडबडीत कुणी निसटायला नको. वही माझ्यापुढं आली. मी पेन वहीच्या घडीत ठेवलं आणि वही पुढं सरकवली.

"वैनी, सही राहिली," जालिंदर हळूच म्हणाला.

मी नुसती मान हलवली. तो गोंधळला, अण्णांकडं बघून पुढं गेला.

अण्णा बोलायला उभे राहिले. ते वाईट बोलले असं मी म्हणणार नाही. "तुमच्यातल्या बऱ्याचजणांना आठवत असेल," ते म्हणाले, "तालुक्याचा व्यापारी यायचा. आपलंच मोठं माप आणून दूध मोजायचा. दोन तांबे द्यावेत तेव्हा एकाचे पैसे. मी सायकलीच्या दांडीला कॅन बांधून पहिलं दूध नेलं, तेव्हा ओढ्याला छातीएवढं पाणी होतं. सायकल डोक्यावर, कॅन मागनं दोघांच्या खांद्यावर. ही संस्था अशी उभी राहिलीय. आज चार पैसे जास्त दिसले म्हणून अर्धं तिकडं घालाल, तर संस्था मोडेल. आणि मोडली की पुन्हा तेच मोठं माप गावात येईल. म्हणून म्हणतो, दूध घालायचं तर सगळं घाला. सगळ्यांनी घाला. एकीत दोन वाटा नसतात."

यातलं काही खोटं नव्हतं.

"अण्णा!" मंडपाच्या दारातून आवाज आला. तानाजीभावजी चौकटीला टेकून उभे होते. तेही सभासद होतेच, नावापुरते. "म्हैस तिची, वैरण तिची, शेण तिनं काढायचं. दूध कुठं घालायचं हे तुम्ही कोण ठरवणार? ज्याला परवडंल त्यो टिकंल. संस्था मोडली तर मोडली, रडायचं काय त्यात?"

चारदोन तरणी पोरं हसली. अण्णांचा चेहरा तांबडा झाला.

"ठराव मांडतो," ते म्हणाले. "जो सभासद बाहेर दूध घालील, त्याचं सभासदत्व आजपासून रद्द. कुणाचा विरोध असेल त्यानं उठून बोलावं." मग ते थेट माझ्याकडं वळले. आवाज मऊ केला, हातही जोडले. "शालनबाई, तुमचंच नाव निघतंय सगळीकडं. तुमचा काही विरोध?"

आणि थांबले. सगळा मंडप माझ्याकडं बघत होता. कुणीतरी फिसकन हसलं.

मी गाभाऱ्याकडं पाहिलं. सकाळचा बेल पिंडीवर तसाच होता. मला सुनंदा दिसली, सात वर्षांची, अंथरुणात नुसती बघणारी.

"विरोध नाही," अण्णा म्हणाले. "लिही जालिंदर. सर्वानुमते..."

"लिहू नका."

आवाज माझाच होता. रोजच्यासारखाच बारीक. पण शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यापर्यंत तो गेला, कारण मंडपात दुसरा आवाजच उरला नव्हता. माझ्या शेजारची बाई माझ्यापासून वीतभर सरकली.

"शालनबाई," अण्णा पुटपुटले, "आज सोमवार."

"मला ठाऊक आहे, अण्णा. तुम्हालाही ठाऊक होता."

मी उठून उभी राहिले. खांबाला हात लावला.

"मला एकच विचारायचंय. फॅटच्या मशीनचा पडदा नऊ वर्षं भिंतीकडं होता. आम्ही विचारायचो किती लागली, जालिंदर सांगेल तेवढी आम्ही धरायचो. तो पडदा आमच्याकडं कधी वळला?"

जालिंदर टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

"मी सांगती!" गोदामावशी ओरडल्या. "तानाजीनं काटा मांडला, त्याच्या आठव्या दिवशी!"

"बघा!" भावजी दारातून मोठ्यानं हसले. "मी काय म्हणत हुतो?"

"हसू नका, भावजी," मी म्हटलं. "तुमचं अजून राहिलंय. पलीकडच्या वाडीतली संस्था गेल्या पौषात बंद पडली. तिथं तुमच्याच कंपनीचा काटा आहे. त्या महिन्यात तिथं भाव वर गेला की खाली आला?"

"तिथलं वेगळं आहे, वैनी."

"काय वेगळं? तिथल्या म्हशी तीन पायांच्या आहेत?"

आता सगळेच हसले. भावजी सोडून.

"भाव उतरला. आणि दूध जास्त झालं तेव्हा चार दिवस कंपनीची गाडी आलीच नाही. बायांनी घागरी ओढ्यात ओतल्या. माझी मावसबहीण आहे तिथं. ओतताना ती रडत होती, आणि तुमचा माणूस म्हणाला, कंपनीचा नियम आहे. इथं गाडी एक दिवस तरी चुकली का? नाही चुकली. का, ते तुम्हालाही माहीत आहे. गाडी चुकली तर दूध दहा पावलांवर अण्णांच्या काट्यावर जातं."

भावजी चौकटीपासून सरळ झाले.

"अण्णा," मी वळले, "तुम्ही ओढ्यातून कॅन नेले ते मी विसरलेले नाही. चंद्रीचा डॉक्टरही नाही विसरले. मी संस्था सोडणार नाही. सकाळचं दूध तुमच्याच काट्यावर येईल. आणि संध्याकाळचं भावजींच्या. दोन्ही वेळचं एकाच दारात घातलं की त्या दाराला कडी लागते. आतनं कुणी लावली, तुम्ही का त्यांनी, यानं आम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला त्यांचा धाक पाहिजे आणि त्यांना तुमचा. तुम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवा. आम्हाला म्हशी आहेत सांभाळायला."

"आणि संस्थेनं काढून टाकलं तर?" अण्णा म्हणाले. आवाजात जरब होती, पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"काढा. बहुमतानं काढा. पण सर्वानुमते लिहू नका. माझा विरोध लिहा."

"दोन लिही," गोदामावशी उठल्या. "सही न्हाई येत, अंगठा घे."

मग कोपऱ्यातून एक, खांबामागून दोन. पदराआड किटली नेणाऱ्या सगळ्या नाही उठल्या, पण बऱ्याच उठल्या. मोजता मोजता जालिंदर घामाघूम झाला.

"अण्णा," तो काकुळतीला आला, "वहीत विरोधाला रकानाच न्हाई. आजवर कधी लागलाच न्हाई. कुठं लिहू?"

"समासात लिही!" मावशी म्हणाल्या.

अण्णांनी पाटीवरचा हार सरळ केला. मग म्हणाले, "ठराव तहकूब. पुढल्या सभेत बघू." आणि चहा आला.

मी चहा घेतला नाही. तिथून दिवेलागणीपर्यंत पुन्हा एक शब्द बोलले नाही. घरी आले, वैरण टाकली, संध्याकाळची धार काढली. देवळातले गुरव वाटेत भेटले, त्यांनी माझ्याकडं पाहून मान खाली घातली. मावशी ओट्यावर येऊन बसल्या. शेवटी जाताना म्हणाल्या, "शालन, देव काय इतका हिशेबी नसतो गं." मला ते ऐकून जास्तच भीती वाटली.

तुळशीपाशी दिवा लावला आणि तशीच चावडीजवळच्या फोनच्या बूथवर गेले. हॉस्टेलचा नंबर लागायला वेळ लागला. मग कुणीतरी सुनंदाला हाक मारली, चपलांचा आवाज आला.

"हॅलो?"

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"हॅलो, कोण? आई? आई, काय झालं? चंद्री बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग फोन का केलास? पैसे उडतायत. काय झालं सांग की!"

"काही नाही. तू बोल. नुसती बोल."

"काय बोलू? वेडी का गं तू?" आणि मग ती बोलत राहिली. इंजेक्शन द्यायला शिकवलं म्हणाली, वॉर्डातली सिस्टर फार कडक आहे म्हणाली, मेसची आमटी म्हणजे हळदीचं पाणी म्हणाली. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत होते. बूथवाला पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेबलावर बोटं वाजवत होता, तरी मी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर जालिंदरच्या जागी स्वतः अण्णा बसले होते. मी किटली पुढं ठेवली. त्यांनी ती उचलली, दूध ओतलं, नमुना घेतला.

"आज काही बोलायचं नाही?" त्यांनी पडद्याकडं बघत विचारलं.

"आज मंगळवार, अण्णा. आज सगळेच बोलतात."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला, अगदी मागच्या बाईला ऐकू जाईल असा.

संध्याकाळी भावजींनी मुकाट दूध घेतलं. मग म्हणाले, "वैनी, एक तारखेला कंपनीला मी काय सांगू?"

"सांगा, बाई ऐकत नाही."

एक तारीख आली आणि गेली. टाकी बसली, अट घालायची राहून गेली, कारण अर्ध्या गावानं माझ्यासारखंच सांगितलं होतं. महिन्याभरानं चंद्री व्याली. डॉक्टर आला, पण हात धुऊन नुसता उभा राहिला. चंद्रीनं त्याला काही कामच ठेवलं नाही.

याला आता पंचवीस वर्षं झाली. तो तहकूब ठराव पुन्हा कधी निघाला नाही. कंपनीचं नाव मधे दोनदा बदललं. संस्थेला दोन वर्षं फार वाईट गेली, तेव्हा संध्याकाळचंही दूध मी संस्थेतच घातलं. भावजींची गाडी पावसात अडकायची तेव्हा त्यांचं दूध अण्णांच्या कॅनमधून जायचं. दोघांनी एकमेकांना शिव्या घालायचं सोडलं नाही. मशीनचा पडदा अजून आमच्याकडंच आहे. माझा नेमही चालू आहे. तो एक दिवस मोडला, त्याबद्दल मी देवाकडं अजून क्षमा मागितलेली नाही. त्यानंही विचारलेलं नाही.

हिंदुरावअण्णा गेले, त्यांचा मुलगा चेअरमन झाला. जालिंदरचे केस पिकले, पण सेक्रेटरी तोच. वर्षाच्या सभेची तारीख काढायची वेळ आली की तो भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवतो, चष्मा लावतो, आणि सगळ्यात आधी त्या महिन्याचे सोमवार पेन्सिलीनं खोडून टाकतो.